चंद्रपूर-गडचिरोलीतील गृहशुश्रूषा आणि आरोग्यसेवा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

रुग्णाची शुश्रूषा करणारा नातलग आरोग्यसेवेच्या इतिहासात सहसा दिसत नाही. रुग्णाची नोंद वहीत होते, डॉक्टरांचे नाव फलकावर येते. रात्रभर उशाशी बसलेल्या पत्नीची वा सुनेची दखल कोठेच राहत नाही. चंद्रपूर व गडचिरोली (1982 पर्यंत हा एकच जिल्हा होता) या वनप्रदेशातील काही प्रयोगांकडे या नातलगाच्या बाजूने पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

1949 साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात आलेले अनेक कुष्ठरुग्ण घराने व गावाने दूर लोटलेले होते. कुटुंबाला सेवेशी जोडण्याचा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही, कारण नातेच तुटले होते. रहिवासीच एकमेकांचे आप्त झाले.

भामरागडच्या जंगलातील माडिया समाजाची स्थिती याच्या नेमकी उलट होती. तेथे आजारी माणसाला खाटेवर घालून, नदीनाले ओलांडत त्याचे सगेसोयरेच घेऊन येत. 1973 साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यावर रुग्णाबरोबर हा गोतावळाही दवाखान्याच्या आवारात राहू लागला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेने हीच गोष्ट रचनेत उतरविली. रुग्णालयात का जात नाही, असे विचारता आदिवासींनी मोठ्या इमारतींचे भय सांगितले. नातलगांना रुग्णाजवळ राहू दिले जात नाही, हीही तक्रार केली. म्हणून शोधग्रामातील माँ दंतेश्वरी दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा उभारला गेला आणि आप्तांच्या मुक्कामाची सोय त्यातच झाली. वास्तुरचनेचा हा बदल वरकरणी लहान वाटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मूलगामी होता.

पुढचा टप्पा अधिक परिचित आहे. 1995 पासून ‘सर्च’ने 39 गावांत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्यास प्रारंभ केला. गावातल्याच स्त्रिया ‘आरोग्यदूत’ झाल्या. त्या बाळाचे वजन करीत, जंतुसंसर्ग ओळखून औषध देत आणि बाळाला ऊब कशी द्यावी हे आईला शिकवीत. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदरात सुमारे 62 टक्के घट झाल्याचा निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. 2011 मध्ये केंद्र शासनाने ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या कामात समाविष्ट केली. बाळंतपणानंतरच्या 42 दिवसांत घरभेटी केव्हा द्यायच्या, हे तेव्हापासून ठरलेले आहे.

वृद्धांच्या बाबतीत मात्र असे घडले नाही. ‘सर्च’च्याच संशोधकांनी 2011 ते 2013 या काळात गडचिरोलीतील 86 गावांतील मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा पक्षाघात हे सर्वांत मोठे कारण आढळले : सातांपैकी जवळपास एक मृत्यू. त्यांतील सुमारे 87 टक्के मृत्यू घरीच झाले होते. म्हणजे अखेरची शुश्रूषा कुटुंबानेच केली, बहुधा कोणत्याही शिक्षणावाचून.

शासनाला याची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुलांवर पालनपोषणाची जबाबदारी टाकतो; पण ती पार पाडणाऱ्याला हात देण्याविषयी तो फारसे बोलत नाही. 2010-11 मध्ये आरंभलेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात मात्र उपकेंद्राच्या पातळीवर अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी भेट देणे व कुटुंबीयांना प्रशिक्षण देणे, अशी स्पष्ट तरतूद आहे. 2021 मध्ये 14567 हा ज्येष्ठांसाठीचा दूरध्वनी क्रमांकही देशभर सुरू झाला. पर्लकोटेच्या पुराने पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या भामरागडात त्याचा उपयोग किती, हा प्रश्न निराळा. ठरलेले माणूस व ठरलेली तारीख नसेल, तर अशी तरतूद घरापर्यंत पोहोचेल असे मानणे धाडसाचे होईल.

पाठीला व्रण पडू नयेत म्हणून रुग्णाला कूस बदलून देणे, ठसका न लागता पेज भरविणे, लुळ्या हाताला रोज थोडी हालचाल देणे : ही कामे बाळाचे वजन करण्यापेक्षा शिकायला अवघड नाहीत. ती शिकविण्यासाठी त्या सुनेच्या दारात अद्याप कोणी नियमाने जात नाही.