डिझाइनच्या कामाला विंडोज, मॅक की लिनक्स? मंचेरियलसारख्या दोन लिप्यांच्या गावात आधी फॉन्ट बघा

मंचेरियल : मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कुणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही, त्यामुळे हा विषय सहज मागे पडतो. पण डीटीपी, फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह लागतात, व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं असतं. सुरक्षा अपडेट न मिळणाऱ्या मशीनवर हे काम करणं म्हणजे दार उघडं टाकून झोपण्यासारखं आहे. ज्यांनी मुदतवाढीच्या योजनेत नोंदणी केली, त्यांनाही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचाच दिलासा आहे. म्हणजे नवं मशीन किंवा नवी ऑपरेटिंग सिस्टिम हा प्रश्न आज ना उद्या येणारच.

असा प्रश्न आला की सल्ला ठरलेला असतो : पैसे असतील तर मॅक, नसतील तर विंडोज, हौस असेल तर लिनक्स. मोठ्या शहरात इंग्रजी मजकुरावर काम करणाऱ्याला तो पुरेसा असेलही. सीमाभागात मात्र निवड वेगळ्या ठिकाणी अडते. ती अडते फॉन्टवर.

गाव एक, लिप्या दोन

मंचेरियल ११ ऑक्टोबर २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आता ते स्वतंत्र जिल्ह्याचं ठिकाण आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी मुलखात गेले, मंचेरियल तेलुगू मुलखात राहिलं. सोयरिकी मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंना राहिल्या. काजीपेठ–बल्लारशाह रेल्वेमार्गामुळे चंद्रपूरकडची ये-जा आहे, आणि प्राणहिता ओलांडून सिरोंचाकडचीही.

त्यामुळे इथल्या डिझायनरला एकाच पत्रिकेत वरपक्षाची नावं मराठीत आणि वधूपक्षाची तेलुगूत लावायची वेळ येते. दुकानाच्या पाटीवर तेलुगू मोठं, खाली मराठी किंवा हिंदी. कॉम्प्युटरला या दोन्ही लिप्या नीट मांडता आल्या पाहिजेत. दोन्हींत जोडाक्षरं आहेत, पण त्यांची चाल वेगळी. देवनागरीत शिरोरेघेखाली अक्षरं बहुधा शेजारी जोडली जातात, तेलुगूत जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन बरेचदा पहिल्याच्या खाली लटकतं. म्हणून तेलुगू ओळींना अंतर जास्त लागतं. हे न पाळल्यास वरच्या ओळीचा खालचा भाग पुढच्या ओळीत घुसतो.

जुना फॉन्ट म्हणजे नेमकं काय

नव्वदच्या दशकापासून मराठी डीटीपी चाललं ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर, सी-डॅकच्या आयएसएमवर, आणि कृतिदेवसारख्या फॉन्टवर. तेलुगूत तेच काम अनु स्क्रिप्ट मॅनेजरने केलं. सोबत पेजमेकर आणि कोरलड्रॉ.

या जुन्या फॉन्टची युक्ती साधी होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवायचे. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टाइप केलं तर पडद्यावर मराठीच दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट काढून घेतला की शब्द गेला. श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवमध्ये लावला तर वाचता येत नाही, कारण प्रत्येकाने आकार आपापल्या जागी बसवलेले.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. ‘म’ हा विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर आणि मोबाइलवर ‘म’च राहतो. तेलुगू अक्षरांचे क्रमांक वेगळे, त्यामुळे दोन्ही भाषा एकाच ओळीत बसल्या तरी गोंधळ होत नाही. श्रीलिपी आणि आयएसएमच्या नव्या आवृत्त्यांतही युनिकोडची सोय आहे.

यात पणाला लागतं ते माणसाचं नाव. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, तो युनिकोडमध्ये असतो. जुन्या फॉन्टवर काम करणारा ऑपरेटर तो जसाच्या तसा चिकटवू शकत नाही, पुन्हा टाइप करतो. तेलुगू ऑपरेटरला मराठी आडनाव, किंवा मराठी ऑपरेटरला तेलुगू घराण्याचं नाव पुन्हा टाइप करायला लागलं की चूक होणारच. शेकडो पत्रिका छापून झाल्यावर ‘ळ’च्या जागी ‘ल’ दिसला तर भुर्दंड दुकानाचा, आणि नाराजी दोन घरांची.

विंडोज : सवयीचं, पण अटी बघा

जिथे फ्लेक्स मशीन आहे तिथे विंडोज जवळपास ठरलेलंच. मशीनला फाइल पोचवणारं रिप सॉफ्टवेअर बहुधा विंडोजवरच चालतं. जुन्या फॉन्ट सॉफ्टवेअरचे डाँगलही विंडोजसाठी बनलेले. कोरलड्रॉ, फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन, सगळं इथे मिळतं.

विंडोज ११ साठी मात्र किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनची मशीन चालतात, म्हणजे २०१७ नंतरची. ४ जीबी हा आकडा फक्त सिस्टिम सुरू होण्यापुरता आहे. फोटोशॉप आणि कोरल एकत्र उघडायचं तर १६ जीबी रॅम आणि एसएसडी धरूनच चला. सेकंडहँड मशीन घेताना प्रोसेसरची पिढी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

मॅक : पडदा छान, जुनं सामान चालत नाही

डीटीपीचा जन्म मॅकवरच झाला. पेजमेकर १९८५ साली आधी मॅकसाठी आलं, विंडोजवर नंतर. पडद्याची गुणवत्ता आणि रंगांची शिस्त यासाठी मॅकचं नाव आजही आहे. अ‍ॅडोबीची सॉफ्टवेअर तिथे चालतात, आणि कोरलड्रॉही २०१९ पासून पुन्हा मॅकवर आहे.

पण २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून मॅकवर ३२ बिटची जुनी सॉफ्टवेअर चालत नाहीत. २०२० च्या अखेरीपासून अ‍ॅपलने स्वतःचे प्रोसेसर वापरायला सुरुवात केली. त्या मॅकवर बूट कॅम्पने विंडोज टाकता येत नाही. पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरने विंडोज ११ चालवता येतं, तरी जुना डाँगल आणि फ्लेक्स मशीनचा ड्रायव्हर त्यात चालेल याची खात्री धरू नये. स्वस्तात मिळणाऱ्या इंटेल मॅकबाबतही सावध राहा : इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती टाहो असेल, असं अ‍ॅपलने २०२५ मध्येच सांगितलं आहे.

हैदराबाद, नागपूर किंवा पुण्याच्या एजन्सीसाठी घरून काम करणाऱ्याला मॅक परवडू शकतो. पत्रिका आणि फ्लेक्सच्या दुकानाला तो एकटा पुरणार नाही.

लिनक्स : फुकट आहे, पण रंगांचं गणित समजून घ्या

लिनक्सवर अ‍ॅडोबीची सॉफ्टवेअर चालत नाहीत, कोरलड्रॉचीही आजची आवृत्ती नाही. त्याऐवजी इंकस्केप, जिंप, क्रिता आणि स्क्रायबस आहेत. चारही मोफत, आणि चारही विंडोजवरसुद्धा चालतात. म्हणजे सिस्टिम न बदलता आधी महिनाभर हात बसवता येतो.

भारतीय भाषांचं लिनक्सवरचं काम जुनं आहे. रेड हॅटने २००४ साली लोहित फॉन्ट खुले केले, त्यात तेलुगू आणि देवनागरी दोन्ही आहेत. हैदराबादच्या ‘स्वेच्छा’ या संस्थेने तर तेलुगूतली लिनक्स प्रणालीच तयार केली. इंकस्केपमध्ये मराठी आणि तेलुगू जोडाक्षरं नीट जुळतात.

अडचण रंगांची आहे. छपाई सीएमवायके रंगांत होते आणि इंकस्केप मुळात आरजीबीत काम करतं. पडद्यावरचा भडक केशरी कागदावर मळकट उतरला की दोष मशीनला जातो. उपाय असा : चित्र इंकस्केपमध्ये करा, पानाची जुळणी स्क्रायबसमध्ये करा, आणि तिथून सीएमवायके पीडीएफ काढा. स्क्रायबसची १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, जुन्या १.४ मध्ये भारतीय जोडाक्षरं तुटतात.

टाइपिंग एकदाच शिका

सीमाभागातल्या ऑपरेटरसाठी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये सगळ्या भारतीय लिप्यांची मांडणी उच्चारांवर बेतलेली आहे. ज्या बटणावर मराठी ‘क’, त्याच बटणावर तेलुगू ‘क’. पाय मोडायचं बटणही तेच. मराठी इनस्क्रिप्ट शिकलेल्याला तेलुगूसाठी बोटं नव्याने बसवावी लागत नाहीत, फक्त भाषा बदलायची. हा कीबोर्ड विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींत आधीपासून असतो.

पैसे देण्याआधी ही चाचणी घ्या

दुकानात जाताना एक ओळ मोबाइलमध्ये लिहून न्या : ‘दुसऱ्या, ॲड., ज्ञानेश्वर, राष्ट्र, श्री, काळे, कर्त्या’. सोबत ओळखीच्या चार तेलुगू नावांची एक ओळ. जे सॉफ्टवेअर वापरणार त्यातच ती चिकटवा आणि बघा :

- ‘दुसऱ्या’मधला र चंद्रकोरीसारखा आडवा दिसतो का? तिथे साधा रफार आला तर फॉन्ट किंवा सॉफ्टवेअर मराठीला पुरं पडत नाही.
- ‘ॲ’च्या जागी चौकोन दिसतो का? हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, जुन्या फॉन्टमध्ये ते नसतं.
- ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी? महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळण प्रमाण मानलं आहे. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ते आपोआप येतं.
- फोटोशॉप, इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं तुटली तर घाबरू नका. सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी हा पर्याय निवडा. तो बंद असल्यानेच बहुतेक वेळा वेलांटी भलत्या जागी जाते.

फॉन्ट विकतच घ्यावे लागतात असंही नाही. मुंबईच्या एक टाइपने केलेली अनेक आणि बालू ही फॉन्टकुटुंबं मोफत आहेत आणि दोन्हींत देवनागरी व तेलुगू आहे. त्यामुळे पत्रिकेच्या दोन्ही बाजू एकाच वळणात दिसतात. नोटोतही दोन्ही लिप्या मिळतात.

कुणी काय घ्यावं

फ्लेक्स मशीन किंवा डाँगल असलेलं दुकान : विंडोज ११. नवं काम मात्र पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये.

शिकणारा विद्यार्थी, हातात जुनं मशीन : लिनक्स, सोबत इंकस्केप आणि स्क्रायबस. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकून व्हायरस ओढवून घेण्यापेक्षा हे बरं.

बाहेरच्या एजन्सीचं काम करणारा : ती एजन्सी जे वापरते ते, मॅक किंवा विंडोज. फाइल दोन्हीकडे उघडली पाहिजे.

फक्त छापखान्याला फाइल देणारा : कुठलीही सिस्टिम चालेल. अक्षरांचे कर्व्ह करून पीडीएफ द्या, म्हणजे छापखान्यात तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. स्वतःकडे मात्र कर्व्ह न केलेली प्रत ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी तारीख बदलायलाही सगळं पुन्हा टाइप करावं लागेल.

जुन्या फायलींचं काय?

दहा-पंधरा वर्षांच्या फायली हीच दुकानाची खरी पुंजी असते. त्या एका दिवसात युनिकोडमध्ये आणायचा हट्ट धरू नका. विंडोज १० चं जुनं मशीन फेकू नका. इंटरनेट काढून टाका आणि डाँगल, पेजमेकर, जुने फॉन्ट यांच्यासह फक्त जुन्या कामापुरतं कोपऱ्यात ठेवा. सगळ्या फायलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, फॉन्टसकट.

ज्या गिऱ्हाइकाचं काम पुन्हा येईल, तेवढीच फाइल त्या वेळी बदला. पेजमेकरची आणि कोरलची जुनी फाइल लिबरऑफिस ड्रॉमध्ये बऱ्याचदा उघडते, पण मजकूर जुन्याच फॉन्टचा राहतो. तो कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. कन्व्हर्टर चुकतो तो ठरलेल्या जागी : पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते, आणि या अदलाबदलीत ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. म्हणून बदललेला मजकूर त्या भाषेचं माणूस वाचल्याशिवाय छपाईला जाऊ नये. मराठी बाजू मराठी माणसाने वाचावी, तेलुगू बाजू तेलुगू माणसाने. मंचेरियलमध्ये दोघंही एकाच गल्लीत सापडतात.