ग्रॅम रंजनक्रिया

कोशिकाभित्तीच्या (पेशीच्या बाह्य आवरणाच्या) रचनेनुसार सूक्ष्मजंतूंचे दोन मोठे गट ओळखण्याची प्रयोगशाळेतील पद्धती. हान्स क्रिस्टियान ग्रॅम (१८५३–१९३८) या डॅनिश वैद्यांनी बर्लिन येथे कार्ल फ्रीडलेंडर यांच्या प्रयोगशाळेत ती शोधून १८८४ मध्ये प्रसिद्ध केली. फुफ्फुसशोथाने मृत झालेल्यांच्या ऊतकांत जंतू ठळक दिसावेत, एवढाच त्यांचा हेतू होता, वर्गीकरणाचा नव्हे. जेंशन व्हायोलेट या रंजकानंतर आयोडिनाचा विद्राव व मग अल्कोहॉल वापरले असता ऊतकाचा रंग जाई, जंतूंचा टिके. आंत्रज्वराच्या जंतूंचा मात्र टिकला नाही. पद्धतीची उणीव वाटावी असा हा भेदच पुढे तिचे खरे महत्त्व ठरला. (खुद्द फ्रीडलेंडर यांच्या नावाने ओळखला जाणारा दंडाणूही रंग सोडणाऱ्यांपैकीच आहे.) रंग गेलेले जंतू दिसावेत म्हणून सॅफ्रॅनीन हा तांबडा रंजक नंतर वापरात आला.

भेदाचे कारण विसाव्या शतकात उलगडले. रंग धरणाऱ्या (ग्रॅम-व्यक्त) जंतूंच्या भित्तीत पेप्टिडोग्लायकनाचा जाड थर असतो. अल्कोहॉलाने तो आकसतो व रंजक आत अडकतो. ग्रॅम-अव्यक्त जंतूंत हा थर पातळ असून त्याबाहेर मेदयुक्त पटल असते. अल्कोहॉलाने ते विस्कटते व रंग निघून जातो. जुन्या संवर्धनातील ग्रॅम-व्यक्त जंतूही कधीकधी रंग सोडतात, त्यामुळे संवर्धन ताजे असावे लागते. बाह्य पटल अनेक प्रतिजैविकांनाही अडविते. म्हणून गंभीर संसर्गात जंतूची पूर्ण ओळख पटण्यापूर्वीच या कसोटीवरून औषधाची निवड सुरू होते.