कैरोच्या हकीमा

आमच्या हैदराबादेत ‘हकीम’ हा शब्द अजून रोजच्या वापरातला आहे. पण हकीम म्हटलं की डोळ्यांपुढे उभा राहतो तो पुरुषच. या शब्दाला ‘हकीमा’ असं स्त्रीरूप आहे, आणि इजिप्तमध्ये एके काळी हकीमा म्हणजे सरकारी हुद्द्यावरची बाई असे, हे मी पुस्तकांतूनच शिकले. ‘त्यांच्या धर्माचं आणि नव्या वैद्यकाचं कुठं जमतं?’ असं आपण बायका गप्पांच्या ओघात सहज बोलून जातो. म्हणून ही हकिगत मैत्रिणींसाठी मुद्दाम लिहिते आहे.

१८०५ पासून इजिप्तचा कारभार मुहम्मद अली पाशाच्या हाती होता. त्यानं खेड्यापाड्यांतून सक्तीनं माणसं उचलून नवं सैन्य उभं केलं. सैनिक लढाईपेक्षा रोगानं जास्त मरतात, हे दिसल्यावर त्यानं १८२५ मध्ये मार्सेयहून क्लॉ नावाचा फ्रेंच डॉक्टर बोलावला. १८२७ मध्ये कैरोजवळ अबू झाबल इथं वैद्यकाची शाळा निघाली. विद्यार्थी बरेचसे अल अझहरच्या मदरशातले, धर्मशास्त्र शिकलेले. डॉक्टर फ्रेंचमधून शिकवायचे आणि दुभाषे ते अरबीत सांगायचे.

खरा पेच आला शवविच्छेदनापाशी. मेलेल्या देहाचाही जिवंताइतकाच मान राखावा, ही इस्लामी समजूत. ती काही अडाणीपणातून आलेली नाही. तेराव्या शतकात कैरोतच इब्न अन नफीस नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांत जातं आणि तिथून डाव्या बाजूला येतं, हे युरोपच्या तीनशे वर्षं आधी त्यानं लिहून ठेवलं. धर्माचा नियम आणि स्वतःच्या मनातली करुणा यांमुळे आपण चिरफाड करत नाही, असंही त्यानं नोंदवलंय. नियमाबरोबर करुणेचंही नाव त्यानं घेतलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

क्लॉनं उलेमांशी बोलणी केली, हळूहळू वाट काढली. एका विद्यार्थ्यानं त्याच्यावर खंजीर उगारला, तो थोडक्यात वाचला. पण दुसरीकडे हसन अल अत्तारसारखे शेख होते. ते पुढे अल अझहरचे प्रमुख झाले. स्वतः वैद्यक शिकलेले, त्यांचा नव्या विद्येला पाठिंबा होता. गरज निकडीची असेल तर एरवी निषिद्ध असलेलंही चालतं, हे तत्त्व इस्लामी कायद्यात जुनंच आहे. म्हणजे त्या धर्मात दोन्ही माणसं होती, आणि धर्माचाच आधार दोघंही घेत होती.

मग प्रश्न आला बायकांचा. परक्या पुरुषापुढे बाई दाखवायची कशी? घरात शिरून लेकरांना देवी कोण टोचणार? यावर उपाय म्हणून १८३२ मध्ये सुईणींची शाळा निघाली. सुईणीला तिकडे ‘दाया’ म्हणतात, ऐकायला अगदी आपल्या दाईसारखं. शिक्षण सहा वर्षांचं. आधी लिहिणं-वाचणं, मग बाळंतपण, जखमा बांधणं, देवी टोचणं, साधी औषधं करणं. आनंदीबाई जोशींचा जन्म १८६५ चा. त्याच्या तेहेतीस वर्षं आधी हे सुरू झालं!

आनंदीबाईंना डॉक्टर व्हायचं होतं. इथं मात्र कोणी बाप मुलगी पाठवेना. तेव्हा सरकारनं सरळ कैरोच्या गुलामांच्या बाजारातून सुदानी आणि हबशी मुली विकत आणल्या. पहिल्या विद्यार्थिनी त्या. पुढं अनाथ मुली आल्या. शिकून झाल्यावर हुद्दा मिळे, पगार मिळे, आणि नवराही सरकारच शोधून देई, वैद्यकशाळेतून बाहेर पडलेला एखादा डॉक्टर.

या हकीमांनी कितीतरी लेकरांना देवी टोचल्या. आयांचा त्याला विरोध झाला, पण त्यामागं दरवेळी धर्म नव्हता. टोचल्याची खूण दंडावर राहते, ती उद्या मुलाला सैन्यात न्यायची निशाणी ठरेल, अशी धास्ती होती. सैन्य चुकवायला माणसं स्वतःचं बोट तोडत, डोळा घालवून घेत, त्या देशात ही भीती काय खोटी म्हणायची? आणि याच हकीमांना पोलिसांसाठी बायकांची तपासणीही करावी लागे, मुलगी कुमारी आहे की नाही, हेसुद्धा पाहावं लागे. म्हणजे जी बाई जीव वाचवायला दारात येई, तीच उद्या चौकीतही समोर उभी!

हे वाचताना माझं मन एका गोष्टीपाशी अडतं. पाशानं शेखांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. धर्मात वाट आहे का, हे सगळ्यांनी पाहिलं. बाजारातून आणलेल्या त्या पोरीला, टोचायच्या लेकराच्या आईला, तपासायच्या बाईला कुणी काही विचारल्याचं मात्र दिसत नाही.

पुढं दीडशे वर्षांनी, १९८८ मध्ये, इस्लामी देशांच्या फिकह अकादमीनं जेद्दाला अवयवदानाबद्दल निर्णय दिला. मृताचा अवयव जिवंताला देता येईल, पण त्यानं हयातीत किंवा मागाहून वारसांनी संमती दिली असेल तरच, आणि अवयवाची विक्री चालणार नाही. या दोन अटी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. विकत आणलेल्या मुलींपासून सुरू झालेल्या वैद्यकाला इथं संमतीचा आणि विक्रीबंदीचा नियम लागला, आणि तो धर्मशास्त्र्यांनी घातला.

तेव्हा बायांनो, कुठल्याही धर्माचं आणि विज्ञानाचं जमतं की नाही, हे विचारताना आणखी एक प्रश्न जोडून घ्या. जिच्या देहाबद्दल हे सगळं चाललंय, तिला कुणी विचारलं का? हा प्रश्न कैरोपुरता नाही. आपल्या घरातल्या सुनेच्या दवाखान्याच्या कागदावर सही कोण करतं, तेही एकदा बघा.