श्लोकाचे पद झाले तेव्हा

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी ३१ मार्च १८४३ रोजी बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म झाला. त्याच वर्षी सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. भाव्यांच्या खेळात पदे सूत्रधाराने म्हणावयाची आणि पात्रांनी त्या अनुरोधाने उत्स्फूर्त भाषणे करावयाची, अशी रीत पडली. ही रीत मोडून पात्रांच्याच मुखी पदे घालण्याचे श्रेय पुढे किर्लोस्करांस लाभले.

आद्य शंकराचार्यांच्या चरित्रावर ‘शांकरदिग्जय’ हे गद्य नाटक त्यांनी अगोदरच लिहिले होते. १८८० साली पुण्यास पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा संगीत खेळ पाहून मराठीतही असे काही व्हावे, असे त्यांच्या मनाने घेतले. ‘इंद्रसभे’चा थाट त्यांना आवडला खरा, परंतु कथा निवडली ती कालिदासाच्या ‘शाकुंतला’ची. या निवडीतच त्यांची रसिकता दिसते.

काम मात्र सोपे नव्हते. मूळ नाटकात गीत म्हणून येणारे गीत थोडेच: प्रस्तावनेत नटीचे ग्रीष्मवर्णन आणि पाचव्या अंकात पडद्याआडून ऐकू येणारे हंसपदिकेचे गाणे. बाकीचे श्लोक म्हणावयाचे, गावयाचे नव्हेत. शिवाय दुष्यंत बोलतो संस्कृतात आणि शकुंतला प्राकृतात. मराठीत दोघांची भाषा एकच झाली, आणि राजाइतकेच पदांचे धन त्या आश्रमकन्येसही प्राप्त झाले.

खरी अडचण वृत्तांची. कण्वमुनींच्या निरोपाचा प्रसिद्ध श्लोक शार्दूलविक्रीडित वृत्तात आहे. त्याच्या एका चरणात १९ अक्षरे आणि ३० मात्रा. मराठी दिंडीच्या चरणात मात्राच मुळी १९! साकीचा चरण २८ मात्रांचा. अर्थात चरणास चरण जुळवून भाषांतर करू गेल्यास एक तर अर्थ सांडावा, नाही तर चाल मोडावी. म्हणून अशा रचनेत श्लोकातील कोणता भाव गाण्याजोगा आहे हे आधी पारखावे लागते, आणि उरलेला भाग गद्य संवादाकडे सोपवावा लागतो. हे काम भाषांतरकाराचे नव्हे, कवीचे आहे. परशुरामपंत गोडबोले यांच्यासारख्या विद्वानांची संस्कृत नाटकांची भाषांतरे तत्पूर्वी झाली होती. परंतु ती वाचकांची सोय होती.

साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत या रचना किर्लोस्करांना नव्याने शोधाव्या लागल्या नाहीत. मठमंदिरांच्या उत्सवांत हरिदासांच्या आख्यानांतून त्या घरोघरीच्या कानांस परिचित झालेल्या होत्या. ज्यास संस्कृताचे एक अक्षर ठाऊक नाही, त्या श्रोत्यालाही दिंडी लागली की करुण प्रसंग आला हे कळे. त्यांत किर्लोस्करांनी आपल्या प्रांतातील कानडी पदांच्या चालींची भर घातली. सारांश, कालिदास सामान्य मराठी माणसाच्या दारी आला तो कीर्तनाच्या वाटेने आला.

यात काही गमावले हे मान्य केले पाहिजे. मूळ श्लोकाचा घट्टपणा पदात सैल होतो, आणि एकच भाव आळवीत बसल्याने कथेची गती कित्येकदा मंदावते. परंतु चौथ्या अंकात हाच मंदपणा गुण ठरतो. सासरी निघालेली मुलगी, पदर धरणारे हरिणाचे पाडस, गहिवरलेला वृद्ध पिता. येथे कोणालाच घाई नसते. पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी जो पहिला प्रयोग झाला तो पहिल्या चार अंकांचाच होता. साहजिकच त्या रात्री पडदा पडला तो कन्येच्या पाठवणीवर. कण्वांची भूमिका बाळकोबा नाटेकर यांची व दुष्यंताची मोरोबा वाघोलीकर यांची होती.

१८८२ मध्ये बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले आणि शकुंतलेच्या पदांना अपूर्व गळा मिळाला. त्याच वर्षी महाभारतातील सुभद्राहरणावरून ‘सौभद्र’ झाले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी किर्लोस्कर निवर्तले. परंतु त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी शूद्रकाच्या नाटकावरून ‘मृच्छकटिक’ आणि पुढे बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून ‘शापसंभ्रम’ ही संगीत नाटके रचली. बाणाचे ते लांबलचक समासांनी लगडलेले गद्य. त्यातून गाता येतील अशी पदे काढणे हे गुरूच्या कामाहूनही कठीण होते.