तेल, खार आणि पथ्य : कन्हान परिसरातील डोक्याच्या एका विकाराचा इतिहास

सातपुड्यात छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावणारी कन्हान नदी नागपूर जिल्ह्यात उतरल्यावर पेंच आणि कोलार या नद्यांना सोबत घेते, आणि कामठीसमोर, नदीच्या उत्तर काठावर, तिच्याच नावाचे कन्हान गाव वसले आहे. 1821 साली कामठीला इंग्रजांची लष्करी छावणी पडली, पुढे नागपूरहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग येथून गेला, मनसर-कांद्रीकडे मँगनीजच्या आणि कन्हानच्या अवतीभवती कोळशाच्या खाणी निघाल्या, आणि ज्वारी-तुरीच्या या पट्ट्यात पाळीने कामावर जाणाऱ्या तरुणांची वस्ती वाढली. या भागाचा इतिहास बहुधा छावणी, रेल्वे आणि खाण यांच्या अंगाने लिहिला जातो. डोक्याला काय लावले जात होते आणि ताटात काय पडत होते, या बाजूने तो क्वचितच पाहिला जातो, आणि ऐन विशीतल्या मुलामुलींना हैराण करणारा कोंड्याचा विकार समजून घ्यायचा तर नेमकी तीच बाजू उपयोगी पडते.

साधा कोंडा हा या विकाराचा सौम्य प्रकार होय. तो वाढून डोक्याची त्वचा लाल होते, तेलकट पिवळट खपल्या धरतात, आणि खाज व पापुद्रे भुवया, नाकाच्या कडा, कानामागची घडी व छातीपर्यंत पसरतात, तेव्हा वैद्यकात त्याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे त्वचेतील स्नेहग्रंथींच्या जागी होणारा दाह, असे म्हणतात. जन्मानंतरचे पहिले काही महिने, तारुण्य आणि पन्नाशीनंतरचा काळ या तीन टप्प्यांवर तो विशेष दिसतो; तारुण्यात दिसण्याचे कारण असे की, वयात येताना पुरुषसंप्रेरकांच्या प्रभावाने स्नेहग्रंथी जाग्या होतात आणि त्वचेवर पाझरणारा स्निग्ध स्राव वाढतो, व याच कारणाने मुलींपेक्षा मुलांत तो अधिक आढळतो.

भारतीय वैद्यकाला हा विकार अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, क्षुद्ररोगांच्या प्रकरणात, दारुणक नावाचा रोग येतो, ज्यात केशभूमी खरखरीत होते, खाजते आणि फुटते, आणि त्याचे कारण कफ व वात यांचा प्रकोप असे दिले आहे. त्याच प्रकरणातील अरुंषिका या ओलसर, खपल्या धरणाऱ्या रोगाच्या कारणांत मात्र कफ आणि रक्ताच्या जोडीला कृमीही मोजलेले आहेत. त्या कृमींचा आजच्या सूक्ष्मजीवांशी थेट मेळ घालणे योग्य ठरणार नाही, कारण सूक्ष्मदर्शकाविना केलेली ती कल्पना होती. तरीही डोक्यावरच्या खपल्यांमागे काहीतरी सजीव असावे असा तर्क त्या वैद्यांनी केला, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. दारुणकाच्या चिकित्सेत अभ्यंग, म्हणजे तेल जिरवणे, सांगितले आहे, आणि त्याच्याच जोडीला कोद्रवाच्या काडाच्या क्षारजलाने डोके धुण्यास सांगितले आहे. कोद्रव म्हणजे कोदो. पूर्व विदर्भातील हलक्या जमिनीत पिकत आलेले हे भरडधान्य आहे. त्याचे वाळले काड जाळून राख पाण्यात कालवली आणि ती तळाशी बसल्यावर वरचे निवळ पाणी गाळून घेतले, की जे क्षारजल मिळते त्यात मुख्यतः राखेतले पोटॅशचे क्षार असतात. ते तेलाशी मिळून अंशतः साबणासारखे काम करतात आणि साचलेला थर खपल्यांसकट सुटतो. तेलाला धुण्याची जोड देणारा हा क्रमच या उपचाराचा खरा गाभा होता, आणि पुढच्या काळात नेमका तोच ढिला पडला.

नागपूर भागात तेल म्हणजे मुख्यतः जवस आणि तीळ. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथात, 1911 च्या शिरगणतीनुसार मध्य प्रांत व वऱ्हाडात तेली समाजाची संख्या जवळपास 9 लाख असल्याचे नमूद आहे, आणि घाणीचा धंदा तेव्हा किती खोलवर रुजला होता याची कल्पना त्यावरून येते. लाकडी उखळात उभी लाट, तिला जोडलेले जू, डोळ्यांना झापड बांधून गोल फिरणारा बैल आणि मधूनमधून शिंपडलेले पाणी, एवढ्या साधनांवर तेल निघत असे. उरलेली ढेप गुरांपुढे जाई, आणि ताजे तेल फोडणीला, दिव्याला व डोक्याला एकाच भांड्यातून वापरले जाई. खरूज-नायट्यासाठी करंजाचे तेल वेगळे ठेवलेले असे. न्हाण्याच्या आदल्या रात्री शिकेकाई, रिठे आणि आवळकाठी भिजत घालून सकाळी ते पाणी उकळून गाळून घेण्याची रीत होती, आणि जिथे तेवढे जमत नसे तिथे काळ्या मातीने डोके धुतले जाई. रिठ्यातील व शिकेकाईतील सॅपोनिन, म्हणजे पाण्यात फेस आणणारे वनस्पतिज द्रव्य, तेल सोडवते. त्यामुळे ही रीत केवळ परंपरा म्हणून नव्हे, तर गुणानेही टिकण्याजोगी होती.

युरोपात या विकाराचे कारण शोधण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. 1874 साली फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-शार्ल मालासे यांनी कोंड्याच्या पापुद्र्यांत यीस्टसारख्या पेशी दाखवल्या, आणि 1887 साली जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी सेबोऱ्हिक इसबाचे स्वतंत्र वर्णन केले. मालासे यांच्या नावाने ओळखली जाणारी मालासेझिया ही बुरशी निरोगी माणसाच्या त्वचेवरही असते. तिला स्वतःची मेदाम्ले बनवता येत नाहीत, म्हणून ती त्वचेच्या स्निग्ध स्रावावर जगते, त्यातील संपृक्त मेदाम्ले खाते आणि ओलेइक आम्लासारखी असंपृक्त मेदाम्ले मागे सोडते. ही उरलेली आम्ले ज्यांच्या त्वचेचा अडसर नाजूक आहे त्यांच्या त्वचेत शिरून दाह उत्पन्न करतात, म्हणून एकाच घरातील, एकाच पंक्तीला जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकालाच हा त्रास होऊ शकतो. मानसिक ताण, अपुरी झोप आणि कोरडी थंडी यांनी तो उसळतो. कन्हानच्या परिसरात रात्रपाळी आणि टोपाखालचा घाम यांचीही त्यात भर पडत असणार, असे मानण्यास जागा आहे.

या ज्ञानाच्या उजेडात जुन्या चालीचा एक भाग स्पष्टपणे चुकीचा ठरतो. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची असेल तर पोषकद्रव्यावर ऑलिव्ह तेलाचा थर द्यावा लागतो. मग कोंडा झाला म्हणून तेलाने चोपडलेले डोके चार-चार दिवस तसेच ठेवणे म्हणजे त्या बुरशीला खुराक घालणेच होय. धुण्याआधी तासभर तेल लावून खपल्या मऊ करणे आणि लगेच स्वच्छ धुणे यात मात्र काही वावगे नाही, आणि दारुणकाच्या चिकित्सेशीही ते जुळते. कोंडा कोरडेपणाने होतो ही समजूत मराठी घरांत अजूनही पक्की आहे, आणि तिच्यामुळे कित्येक तरुणांचे दुखणे वर्षानुवर्षे रेंगाळते.

आहाराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. चरकाने कुष्ठाच्या, म्हणजे एकूण त्वचारोगांच्या, कारणांत परस्परविरुद्ध अन्न, नवे धान्य, दही, मासे, उडीद, तीळ, दूध आणि गूळ यांचे अतिसेवन मोजले आहे, आणि वैद्यांची पथ्ये बऱ्याच अंशी याच यादीवरून चालत आली. विसाव्या शतकात पोषणशास्त्राने हा विषय दुसऱ्या टोकाने हाती घेतला आणि अतिसेवनाऐवजी उणिवेकडे पाहिले. रायबोफ्लेविन (ब-2) आणि पायरिडॉक्सिन (ब-6) या जीवनसत्त्वांच्या अभावी नाकाच्या कडांना व भुवयांत अगदी सेबोऱ्हिक दाहासारख्या खपल्या येतात, आणि 1930 च्या दशकात कुन्नूरच्या पोषणसंशोधन संस्थेत एक्रॉइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी रायबोफ्लेविनच्या उणिवेने ओठांचे कोपरे फाटतात याचा अभ्यास केला होता. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत दिसणाऱ्या पेलाग्रा या त्वचाविकारावर गोपालन व श्रीकांतिया यांनी 1960 साली ज्वारीतील ल्यूसिन या घटकाच्या आधिक्याचा सिद्धान्त मांडला. पुढे त्यावर मतभेद झाले, तरी ज्वारीच्या जोडीला डाळ-दूध नसेल तर त्वचेवर त्याची खूण उमटते हे लक्षात आले. पेलाग्रात आहार हे मूळ कारण असते; सेबोऱ्हिक दाहात मात्र तो फार तर विकार वाढवणारा किंवा कमी करणारा एक हात आहे, आणि हा भेद नीट न कळल्याने पुष्कळ अनावश्यक पथ्ये पाळली जातात.

प्रत्यक्ष पुरावा थोडा आहे, पण जो आहे तो कन्हानच्या दृष्टीने बोलका आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅम अभ्यासाच्या 2019 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात 4,379 व्यक्तींपैकी 636 जणांना, म्हणजे 14.5 टक्क्यांना, हा विकार आढळला. भरपूर फळे खाणाऱ्यांत त्याचे प्रमाण सुमारे 25 टक्क्यांनी कमी होते, आणि मांस व प्रक्रिया केलेल्या अन्नावर भर देणारा पाश्चात्त्य धाटणीचा आहार घेणाऱ्या स्त्रियांत ते 47 टक्क्यांनी जास्त होते. हे लोक उतारवयाचे होते आणि अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, त्यामुळे विशीतल्या तरुणांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही ज्या जिल्ह्यात भोसल्यांच्या काळात औरंगाबादेहून संत्रे आले असे सांगतात, आणि जिथे आंबिया व मृग या दोन बहरांमुळे वर्षातले बरेच महिने ते बाजारात असते, तिथे तरुणांच्या खाण्यातले फळ कमी होत जावे ही खेदाची गोष्ट आहे. 1937 साली आलेला डालडा, पुढे सोयाबीन आणि पाम तेल यांनी घाणीच्या जवसाला मागे सारले. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा ओमेगा-3 गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. या विकारावर जवसाचा गुण सिद्ध झालेला नाही, म्हणून त्याला औषध म्हणणे चूक ठरेल. भाकरीसोबत जवसाची चटणी परत यावी यासाठी तिच्यातले पोषण हे कारण पुरेसे आहे.

विकार भुवया आणि नाकाच्या कडांपर्यंत गेला असेल तर कीटोकोनाझोलसारख्या बुरशीनाशक द्रव्याचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, फेस काही मिनिटे डोक्यावर राहू देऊन, साधारण महिनाभर वापरणे आणि पुढे अंतर वाढवत नेणे हाच मुख्य उपचार आहे, व ताटाचे काम त्याच्या सोबतीचे आहे. गोड पेये, मैदा आणि तळलेले पदार्थ कमी करून फळे, पालेभाज्या, डाळ, दूध किंवा अंडी नियमित ठेवणे एवढे त्यासाठी पुरे. एखाद्या पदार्थाने खाज वाढते असा संशय असल्यास तेवढाच पदार्थ काही आठवडे बंद करून, मग पुन्हा सुरू करून पाहावा. एकाच वेळी दूध, डाळ, तिखट आणि आंबट सोडून बसणाऱ्या तरुणांच्या अंगातील प्रथिने व लोह कमी होते, आणि दोन-तीन महिन्यांनी कोंड्याच्या जोडीला केस गळणेही सुरू होते.