शॉकअप: आधी मालकाचा, मग कारखान्याचा

पिकअप ट्रकच्या मागच्या चाकाशी वाकून बघितलं की एकावर एक रचलेले कमानीचे पाटे दिसतात आणि बाजूला तिरका बसवलेला शॉकअप. पाटे घोड्याच्या बग्गीकडून आलेले. लंडनच्या ओबडाया इलियटने लंबगोल कमानीचं पेटंट १८०४ मध्येच घेतलं होतं. शॉकअपची गरज मात्र मोटारीच्या वेगाने निर्माण केली.

कमान खड्ड्यात दबते, धक्का पोटात घेते आणि लगेच उसळून परत देते. बग्गीच्या चालीला पाट्यांचं आपापसातलं घर्षण ही उसळी जिरवायला पुरायचं. मोटारीला ते पुरेना. एका खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ वरखाली होत राहायची, चाक जमीन सोडायचं. आणि चाक अधांतरी असलं की ब्रेक लागत नाही, स्टिअरिंगही ऐकत नाही.

ही उसळी जिरवायला फ्रान्सच्या ट्रुफोने कात्रीसारख्या दोन दांड्या जोडल्या, सांध्यात घर्षणाच्या चकत्या घातल्या आणि बोल्टने आवळल्या. एक दांडी चासीला, दुसरी ॲक्सलला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड हार्टफर्डने हा शॉकअप अमेरिकेत विकायला घेतला. क्लीव्हलँडचा क्लॉड फॉस्टर तेव्हा इंजिनाच्या धुरावर वाजणारा ‘गॅब्रिएल’ नावाचा भोंगा विकत होता. त्याने पुढे ‘स्नबर’ काढला: डबीत गुंडाळलेला जाड पट्टा. कमान दबताना तो सैल सुटायचा, उसळताना आवळून धरायचा.

हे सगळं दुकानातून आणून गाडीला लावायचं सामान होतं, आणि या कुळकथेतला मला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातून शॉकअप यायचेच नाहीत. लाखो मालकांनी, त्यांत शेतकरीही होते, ही उणीव ओळखली आणि पदरचे पैसे घालून भरून काढली. १९२७ च्या अखेरीस मॉडेल ए आली, तेव्हा कुठे चारही चाकांना हुडाय बनावटीचे तेलाचे शॉकअप कारखान्यातूनच मिळाले. मालकांनी आधी पटवून दिलं, कारखान्याने नंतर ऐकलं.

तेलाने काम सोपं केलं. नळीतला दट्ट्या हलला की तेलाला बारीक भोकांतून वाट काढावी लागते. त्या ओढाताणीत उसळीची ताकद उष्णता होऊन जाते. मिशिगनच्या मन्रो गावातली मन्रो कंपनी मुळात टायरचे हवेचे पंप बनवायची. नळी आणि दट्ट्या हातात बसलेली ही मंडळी १९२६ मध्ये शॉकअपकडे वळली. पुढे फ्रान्सच्या द कार्बोंने नळीत दाबाखालचा वायू भरला, म्हणजे सतत हलून तेलाला फेस येऊन शॉकअप मऊ पडू नये.

फॉस्टरच्या भोंग्याचं नाव आपल्याकडेही पोचलं: १९६१ मध्ये गॅब्रिएल इंडिया सुरू झाली, तिचा पहिला कारखाना मुंबईत मुलुंडला.

अमेरिकेत आजही कितीतरी पिकअपवाले दारातच शॉकअप बदलतात. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडायचं. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवायची, ॲक्सललाही टेकू द्यायचा. वायूचा नवा शॉकअप पट्ट्याने दाबून बांधलेला येतो; वरचा बोल्ट घालून मगच पट्टा कापायचा, नाहीतर दांडा बाहेर येतो आणि एकट्याला दाबून बसवणं जिवावर येतं. खालचा बोल्ट आधी सैलच ठेवायचा आणि रबरी बुश असलेले बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पक्के आवळायचे. अधांतरी आवळले तर बुश पिळलेलं राहून लवकर फाटतं.

आणि एकच शॉकअप गळत असला, तरी त्या ॲक्सलचे दोन्ही एकदम बदला.