माथ्यावरचे ओझे आणि आग

गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात वैनगंगा उत्तरवाहिनी होते, आणि तेथेच तिच्या काठावर मार्कंडेश्वराचे देऊळ उभे आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत तेथे पाय ठेवायला जागा नसते. भाविकांची दृष्टी पिंडीकडे लागलेली असते, रसिकांची भिंतींवरील शिल्पांकडे. मला मात्र या देवळातले सर्वांत बोलके वाटते ते महामंडपाचे छप्पर.

दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी या देवळावर वीज पडली. शिखराचा माथा निखळला आणि खालच्या महामंडपावर कोसळला. १८७३-७४ च्या दौऱ्यात येथे आलेल्या जनरल कनिंगहॅम यांनी या नुकसानीची नोंद केली आहे. गंमत पाहा, वीज पडली शिखरावर आणि मोडला मंडप! आकाशीच्या अग्नीने घात केला, पण तो वजनाच्या हातून. पुढे एका गोंड राजाने छप्पर सावरण्यासाठी आत जाडजूड आधार उभारले. ते देखणे नव्हते. पण एकाचा आधार गेला की त्याचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर द्यावे लागते, ही त्यामागची जाण खरी होती.

वाचक म्हणतील, दगडी देवळांचे दिवस गेले. आम्ही काँक्रीटच्या घरांत राहतो, आणि काँक्रीट काही जळत नाही. जळत नाही, हे कबूल. पण विजेच्या धक्क्याने दगडातल्या ओलीची क्षणात वाफ होऊन दगड फुटतो, तशीच आगीत काँक्रीटच्या पोटातल्या पाण्याची वाफ कोंडते आणि वरचे टवके उडतात. मग सळई उघडी पडते. ५५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या सुमारास तिचे निम्मे बळ सरते. तिच्या भरवशावर तोललेली तुळई मग वाकू लागते.

आणखी एक नवल आहे. काँक्रीटचा ठोकळा मोकळा तापविला तर तो फुगतो. डोक्यावर वजन ठेवून तापविला, तर तितका फुगत नाही. वजन पुरेसे असेल तर उलट आखडतो. म्हणून रिकाम्या खांबाच्या परीक्षेवरून भरल्या घराचा अंदाज बांधता येत नाही. इंग्लंडमध्ये कार्डिंग्टन येथे, हवाई जहाजांच्या (एअरशिपच्या) एका जुन्या अवाढव्य शेडमध्ये, १९९५-९६ साली आठ मजली पोलादी सांगाड्याची इमारत उभारून, मजल्यांवर वाळूची पोती रचून, मुद्दाम आगी लावल्या गेल्या. तुळया लवल्या, पण वरचा काँक्रीटचा थर चारी कडांनी ताणलेल्या चादरीसारखा झोळ खाऊन भार झेलत राहिला! आज संगणकावर इमारतीची गणिती प्रतिकृती मांडून आधी तपमान, मग बळ, मग लवणे असा हिशेब करतात. पण त्या हिशेबाला खरेपणा येतो तो अशा पोत्यांमुळे.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईतलेच आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वर पसरत गेली. पाच माणसे दगावली. इमारतीचा सांगाडा मात्र उभा राहिला, आणि पुढे दुरुस्त होऊन तीच वास्तू पुन्हा कामाला लागली. माणसे गेली ती धुरात आणि ज्वाळांत, छपराखाली चिरडून नव्हे. सांगाडा टिकला म्हणजे माणसे वाचलीच असे होत नाही. पण तो टिकला म्हणूनच अग्निशमनाच्या जवानांना आत शिरता येते.

दिवाळीत घरोघरी दिवे लागतील, फटाके उडतील, आणि एखाद्या घरी दुर्दैवाने आगही लागेल. ती विझल्यावर चुना फासून काळे डाग झाकण्याची घाई आपल्याकडे फार. तापलेले काँक्रीट थंड होतानाही बळ गमावत असते, हे ध्यानात ठेवावे. जाणत्या इंजिनिअरने पाहिल्यावाचून त्या छपराखाली अंथरूण घालू नये. मार्कंड्याच्या मंडपाला निदान आधार देणारा राजा भेटला. आपल्या छपराची चौकशी आपणच करावयाची आहे.